फिल्म कॅमेऱ्यावरची तारीख: घ्यावी का, लावावी कशी, बंद कधी ठेवावी

आमच्या अल्बममध्ये १९९५ च्या गणपतीचे नऊ फोटो आहेत. त्यातल्या चारांवर २८ ऑगस्ट छापलंय आणि पाचांवर २९ ऑगस्ट. मखर तेच, मूर्ती तीच, बाबांनी नेसलेला कदही तोच. चतुर्थी त्या वर्षी २९ ऑगस्टला होती. मग चार फोटो आदल्या दिवशी कसे निघाले? घरात यावर बरेच तर्क झाले. आत्याचं म्हणणं, मूर्ती आदल्या दिवशी आणली होती. आई म्हणे, छे, पूजेचं ताट समोर दिसतंय की.

उत्तर कॅमेऱ्यात होतं. तो मामाने न्यू जर्सीहून आणला होता आणि त्यातलं घड्याळ तिथल्याच वेळेवर राहिलं होतं. ऑगस्टमध्ये तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. त्यामुळे सकाळी साडेनऊच्या आत काढलेल्या प्रत्येक फोटोवर आदल्या दिवसाची तारीख पडली. हे मला कळलं ते तोच कॅमेरा कपाटातून काढून स्वतः रोल घालायला लागलो तेव्हा, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी.

आता फिल्मकडे नव्याने वळलेली मुलं-मुली विचारतात, ‘तारीखवाला कॅमेरा घेऊ का?’ माझं मत असं: चांगला मिळाला तर घ्या, पण तारखेसाठी वेगळे पैसे मोजू नका. आणि ती छपाई बंद करता येत नसेल, तर तो कॅमेरा तिथेच ठेवून या. हे कसं ठरवायचं ते पुढे सांगतो.

१. आधी स्वतःला विचारा: तारीख कशाला हवी?

साधारण तीन कारणं ऐकू येतात.

पहिलं, ‘त्या केशरी आकड्यांनी जुना फील येतो.’ येतो, मान्य. पण तेवढंच हवं असेल, तर मोबाईलमधलं एखादं अ‍ॅपही ते देतं. हुजी कॅम नावाचं अ‍ॅप तर फोटोवर सरळ '९८ साल छापतं. त्यासाठी रोल, धुलाई आणि स्कॅनिंगचा खर्च कशाला?

दुसरं, ‘पुरावा म्हणून.’ हे डोक्यातून काढून टाका. जी तारीख कुणीही दोन बटणं दाबून बदलू शकतो, तिला पुरावा म्हणून काय किंमत?

तिसरं कारण खरं आहे: घरच्यांचे फोटो. मोबाईलच्या फोटोला वेळ आपोआप चिकटते, निगेटिव्हला काहीच चिकटत नाही. दहा वर्षांनी ‘ही बारशाला आलेली कोण?’ याच्या आधी ‘हे कधीचं?’ असा प्रश्न येतो. तुमच्या रोलवर माणसं असतील तर तारीख कामाची आहे. डोंगर, दारं-खिडक्या आणि रस्त्यावरच्या सावल्याच असतील, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

२. तारीख छापली कशी जाते, हे समजून घ्या

हा भाग टाळू नका. पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

१९८०-९० च्या दशकांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत मागच्या झाकणात एक इवलीशी काच असते. तिच्यामागे घड्याळात असतात तसे एलसीडी आकडे आणि एक बारीक दिवा. शटर उडालं की किंवा रोल पुढे सरकताना तो दिवा क्षणभर लागतो आणि आकड्यांचा उजेड फिल्मवर मागच्या बाजूने पडतो. म्हणजे तारीख ही फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात केलेली दुसरी, छोटी छायाचित्रणाचीच क्रिया आहे. शाईचा शिक्का असतो तशी ती वरून बसत नाही.

आकडे केशरी का, याचं उत्तरही यातच आहे. रंगीत फिल्मवर थर असतात: वर निळ्या उजेडाचा, मग हिरव्याचा आणि सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पट्टीलगत, लाल उजेडाचा. मागून येणाऱ्या उजेडाला पहिला भेटतो तो हा लाल थर. म्हणून प्रिंटवर आकडे लाल येतात. उजेड जरा जास्त झाला की तो हिरव्या थरापर्यंतही पोचतो आणि आकडे केशरी-पिवळे होतात. कृष्णधवल रोलवर तेच आकडे पांढरे दिसतात.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट: तो कोपरा आधीच पांढरा असेल तर तारीख दिसणारच नाही. उजेडावर उजेड चढून काय उमटणार? पांढरं धोतर, रांगोळी घातलेलं अंगण, दुपारची वाळू, भरून आलेलं फिकट आभाळ, सगळीकडे आकडे विरघळतात. गुहागरच्या किनाऱ्यावर काढलेल्या माझ्या एका अख्ख्या रोलवर तारीख आहे, असं मला फक्त माहीत आहे.

३. आपल्या कॅमेऱ्यात ही सोय आहे का, ते ओळखा

घरच्या कपाटात कोडॅकचा केबी १० निघाला तर शोधू नका, त्यात ती नाही. इतर कॅमेऱ्यांवर ‘डेट’, ‘क्वार्ट्झ डेट’, ‘डेटा’ किंवा नुसतं ‘क्यूडी’ लिहिलेलं बघा. बऱ्याचदा एकाच मॉडेलचे दोन भाऊ असतात, एक साधा आणि एक तारीखवाला. निकॉनचा एल३५एएफ साधा, एल३५एडी तारीखवाला. ऑलिंपसच्या म्यू मालिकेतही साधा आणि क्वार्ट्झ डेट असे दोन्ही मिळतात. भिंग तेच असतं, फोटोही तसाच येतो. म्हणून तारीखवाल्यासाठी वरचढ किंमत सांगणाऱ्या विक्रेत्याला हसून पुढे जा.

एसएलआरना, म्हणजे भिंग बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांना, मागचं झाकणच बदलून तारखेचं झाकण बसवायची सोय असायची, त्याला डेटा बॅक म्हणतात. सुटं डेटा बॅक घेताना ते तुमच्याच मॉडेलचं आहे ना, हे पाहा. दिसायला सारखी झाकणं एकमेकांना बसत नाहीत.

४. विकत घेण्याआधी पाच मिनिटांची तपासणी

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, किंवा ओळखीतून आलेला कुणाचा तरी ‘चालू कंडिशन’ कॅमेरा: तपासणी एकच. सोबत नवे सेल न्या. विक्रेत्याकडच्या सेलवर विसंबू नका.

आधी मागच्या छोट्या पडद्यावर आकडे येतात का पाहा. आकडा अर्धवट असेल (८ चा ६ झालेला, असं काही) किंवा पडद्यावर काळा डाग पसरला असेल, तर एलसीडी गेलेली आहे. तिची दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीत परवडत नाही.

पडदा ठीक असला तरी छपाई चालते असं समजू नका. रोल न घालता झाकण उघडा, फिल्म दाबणाऱ्या काळ्या पाटीवरची ती छोटी काच शोधा, हाताने आडोसा करा आणि शटरचं बटण दाबा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिथे लालसर उजेड चमकून जातो. चमकला तर उत्तम. नाही चमकला तरी लगेच नापास करू नका, काही कॅमेरे झाकण उघडं असताना हा दिवा लावतच नाहीत. तिथे पहिला रोल हीच परीक्षा.

तिसरं, बिजागरी. झाकणातल्या घड्याळाला वीज पोचवणारी पातळ पट्टी बिजागरीतून जाते आणि वर्षानुवर्षं उघड-मीट होऊन तुटते. झाकण हळूहळू हलवताना आकडे येत-जात असतील, तर तेच दुखणं.

आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: मोड बटण दाबत दाबत पडद्यावर तीन जोड्या आडव्या रेघा (-- -- --) येतात का पाहा. रेघा म्हणजे छपाई बंद. बटण मेलेलं असेल, तर नको असली तरी तारीख प्रत्येक फोटोवर आयुष्यभर बसेल.

५. हाताशी काय ठेवाल

- नवे सेल. ऑलिंपस म्यूसारख्या कॅमेऱ्यांत एकच सीआर १२३ए सगळं चालवतो. इतर कित्येकांत तारखेसाठी वेगळा बटण सेल असतो, बहुतेकदा सीआर २०२५.
- घड्याळजीकडे असतो तसा बारीक स्क्रू ड्रायव्हर. बटण सेलचं झाकण अनेकदा स्क्रूचं असतं.
- सरळ केलेली जेमक्लिप किंवा रिफिल संपलेला बॉलपेन. सेट करायची बटणं आत दबलेली असतात, नखाने लागत नाहीत.
- धूळ उडवायचा रबरी ब्लोअर. त्या छोट्या काचेवरचा कण आकड्यावर डाग तर टाकतोच, शिवाय फिल्मवर चरा पाडतो. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.
- कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका. जुन्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिका स्कॅन करून ठेवणारी भली माणसं इंटरनेटवर आहेत.
- एक छोटी वही, तारखा टिपायला.

६. तारीख लावणं

बटणं साधारण तीन असतात: मोड, सिलेक्ट आणि सेट. नावं थोडी बदलतात, क्रम तोच. सिलेक्ट दाबलं की वर्ष लुकलुकायला लागतं, सेटने ते पुढे न्या. पुन्हा सिलेक्ट, मग महिना, दिवस, तास, मिनिट. शेवटी आणखी एकदा सिलेक्ट दाबून लुकलुकणं पूर्ण थांबवा. बरेचजण मिनिटांपाशी सोडून देतात आणि मग ‘तारीख राहतच नाही’ म्हणतात.

तास नीट लावा. दुपारचे दोन म्हणजे १४. इथे बारा तासांची चूक झाली की दुपारी बाराला तारीख बदलेल आणि लग्नाच्या सकाळचे आणि पंगतीचे फोटो दोन वेगळ्या दिवसांचे ठरतील.

मग क्रम. मोड बटणाने वर्ष-महिना-दिवस, महिना-दिवस-वर्ष, दिवस-महिना-वर्ष, दिवस-तास-मिनिट आणि रेघा असे पर्याय फिरतात. आपल्या डोळ्यांना दिवस-महिना-वर्ष हवं. अमेरिकेतून आलेला कॅमेरा हमखास महिना-दिवस-वर्षावर असतो. आमच्याकडे एका फोटोवर ‘५ ३ ९६’ आहे आणि बाबांनी अल्बममध्ये त्याखाली सुबक अक्षरात ‘५ मार्च’ लिहिलंय. फोटोत ताटात आमरस आहे, मागे सुट्टीला आलेली चार मावसभावंडं आहेत. तो अर्थातच ३ मे. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर गोंधळ होत नाही, बारापर्यंतच्या प्रत्येक तारखेला होतो. पडद्यावर महिन्याच्या डोक्यावर बारीक ‘एम’ असतो, पण तो फक्त पडद्यावर, फोटोवर छापला जात नाही.

दोन खाचखळगे सांगून ठेवतो. सेल बदलला की घड्याळ पुन्हा पहिल्या दिवसावर जातं. आणि मोड बटण पिशवीत आपोआप दाबलं जातं. म्हणून रोल घालताना आणि समारंभाला निघताना पडदा एकदा बघायचाच.

७. २०१९ ची भिंत

नव्याने कॅमेरा घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त चकवते ती ही. बनवणाऱ्यांनी त्या घड्याळांत ठरावीक वर्षांपर्यंतचंच कॅलेंडर घातलं होतं आणि कित्येक कॅमेऱ्यांत ते २०१९ ला संपतं. त्यापुढे सेट बटण दाबलं की पडदा पुन्हा १९८७ किंवा अशाच एखाद्या जुन्या वर्षावर जातो. कॅमेरा बिघडलेला नाही, त्याचं पंचांग संपलंय. काही मॉडेलांत ते पुढे जातं, म्हणून घेण्याआधी वर्ष पुढे नेऊन पाहा.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे २८ वर्षं मागचं साल लावणं, कारण वार आणि तारखा जशाच्या तशा जुळतात. २०२६ साठी १९९८. जुळतात खरं, पण हा कॅमेरा वार दाखवतच नाही, मग वार जुळवून करायचं काय? सांभाळायचं आहे ते फक्त लीप वर्ष, आणि त्यासाठी चारने भाग जाणारा कोणताही फरक पुरतो. मी २० वर्षं मागे जातो. २०२६ साठी २००६, २०२७ साठी २००७. शेवटचा आकडा खरा राहतो, बेरीज डोक्यात होते आणि २०१९ ला संपणारा कॅमेराही २०३९ पर्यंत चालतो.

पण हे अल्बमच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाहीतर पुढे कुणीतरी ‘०६’ छापलेल्या फोटोत हल्लीचा मोबाईल बघून डोकं खाजवत बसेल. खोटं साल नकोच वाटत असेल, तर दिवस-तास-मिनिट लावा आणि महिना-वर्ष निगेटिव्हच्या पाकिटावर लिहा.

८. रोल कोणता

नेहमीचे रंगीत निगेटिव्ह रोल, म्हणजे कोडॅक गोल्ड, कलरप्लस वगैरे, विनातक्रार चालतात. जुन्या डेटा बॅकवर रोलचा वेग, म्हणजे डब्यावरचा १००, ४०० हा आयएसओ आकडा, सांगायची वेगळी कळ असू शकते. ती १०० वर ठेवून ४०० चा रोल घातला तर आकडे फुगून एकमेकांत मिसळतात.

सिनेमाच्या रोलबद्दल मात्र सावध. सुटे भरून विकले जाणारे काही सिनेमा रोल मागून काळ्या कार्बनच्या थराचे असतात, त्याला रेमजेट म्हणतात. मागून येणारा तारखेचा उजेड तो थर ओलांडूच शकत नाही, त्यामुळे काहीही उमटत नाही. सिनेस्टिलच्या ८००टी मध्ये हा थर आधीच काढलेला असतो, तिथे अडचण नाही.

९. पहिल्या फोटोवर तारीख, बाकीच्यांवर रेघा

हीच माझी पद्धत. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

प्रसंग सुरू झाला की तारीख चालू करून एक फोटो काढायचा. मुद्दाम कोपऱ्यात काहीतरी गडद धरून: दार, सतरंजी, स्वतःची बॅग. मग मोड दाबून रेघा आणायच्या आणि मनासारखे फोटो काढायचे. निगेटिव्हवर चौकटींचे, म्हणजे एकेका फोटोचे, क्रमांक छापलेले असतातच. आठव्या चौकटीवर १४ तारीख आणि अठराव्यावर २० तारीख असेल, तर मधले सगळे १४ चे. छत्तीसातली एखाद-दुसरी चौकट जाते, पण आजीच्या पदरावर केशरी आकडे येत नाहीत. एकदा छापलेली तारीख निगेटिव्हवरून जात नाही. स्कॅनवरून पुसता येते, पण प्रत्येक फोटोला ते कोण करत बसणार?

उभा फोटो काढताना तारखेची चौकट असेल तर कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली करा. मग आकडे खाली डाव्या कोपऱ्यात, जमिनीवर येतात. उजवी बाजू वर केलीत तर ते वर उजवीकडे, नेमके आभाळात जातात. फ्लॅश उजव्या टोकाला असेल तर मात्र उलट करा, कारण खालून आलेल्या फ्लॅशने माणसं भुतासारखी दिसतात. अशा वेळी तारीख गेली तरी चालेल.

ही अक्कल काही माझी नाही. कोडॅकने १९१४ मध्ये ऑटोग्राफिक नावाचे कॅमेरे काढले होते. मागे एक छोटं दार, ते उघडून धातूच्या टोकाने दोन चौकटींच्या मधल्या जागेत नाव, तारीख, गाव काहीही लिहायचं आणि क्षणभर उजेड दाखवायचा. फोटो स्वच्छ, माहिती शेजारी. पुढे पेंटॅक्स ६४५एन आणि निकॉन एफ६ यांनीही माहिती चौकटीच्या बाहेर छापायची सोय दिली. खरं म्हणजे तारखेची योग्य जागा तीच, पण ते कॅमेरे नवशिक्याच्या खिशाला झेपणारे नाहीत.

१०. लॅबला सांगायचं ते

स्कॅन पूर्ण चौकटीचं हवं, कडा कापू नका, असं रोल देतानाच सांगा. ४×६ ला तारीख सहसा वाचते, ५×७ ला मात्र फोटोच्या दोन्ही टोकांची पट्टी कापली जाते आणि तिच्याबरोबर आकडे अर्धे होतात. निगेटिव्ह परत मागून घ्या. आजकाल काही ठिकाणी ‘स्कॅन मेल केलेत ना’ म्हणून ती ठेवून घेतात, मग टाकून देतात. माझा एक रोल असा गेलाय.

११. आणि कॅमेऱ्यात तारीख नसेलच तर

काही बिघडत नाही. पहिली चौकट भिंतीवरच्या दिनदर्शिकेची काढा, किंवा त्या दिवशीच्या वर्तमानपत्राची. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांना मीटरभराच्या आतलं स्पष्ट दिसत नाही, तेव्हा पेपर हातात धरून कुणालातरी समोर उभं करा. मथळा वाचता आला तरी दिवस सापडतो.

प्रिंटच्या मागे लिहायचं असेल तर बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जेल पेनची शाई शेजारच्या फोटोला लागते. रंगीत प्रिंटची मागची बाजू गुळगुळीत असल्याने साधी एचबी पेन्सिलही बसत नाही. ६बी किंवा काचेवर चालणारी मऊ पेन्सिल घ्या, कडेला हलक्या हाताने लिहा. त्या चार गणपतींच्या मागे मी तशाच पेन्सिलीने लिहिलंय: ‘२९ ऑगस्ट, सकाळी साडेनऊच्या आधी.’